सव्वा इंच

प्रभाकर, थर सहा दिले होते मी. चार नाही. सहा.

एवढं एक वाक्य तुझ्या तोंडावर म्हणायला मला चार महिने मिळाले होते, आणि त्या चार महिन्यांत तू रोज समोर होतास. दुपारी तीनच्या ठोक्याला कोंढ्याच्या रस्त्यावरच्या माझ्या टिनाच्या शेडपाशी यायचास, सायकल भिंतीला लावायचास, "काय बे टाकीवाल्या" म्हणायचास आणि एका फुटक्या कुलरच्या बॉडीवर बसायचास. तेव्हा माझी जीभ उचलली नाही. आज तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, विहारातले लोक जेवून गेले, भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत चढल्या, तेव्हा मी घरी येऊन हे लिहून राहिलो. थकलो आहे गड्या. आठ दिवसांत इतक्या लोकांनी मला "कसं काय झालं हो अचानक" विचारलं, की मी लोकांकडे चहा घेणंच बंद केलं. चहाचा कप हाती दिला की माणूस विचारतोच.

लिहायला बसलो की माझी भाषा शाळेतल्यासारखी होते, यावरून तू चौथीपासून हसत आलास. आजही हस. मला चालते.

थोडं मागून सांगतो. तुला माहीत असलेलंच सांगतो, पण ओळीनं सांगितल्याशिवाय मला शेवटापर्यंत जाता येणार नाही.

तू नोकरीभर पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात नकाशे काढलेस. धरण भरलं की पाणी कुठवर चढेल, ती रेघ कागदावर ओढायचं काम तुझ्या टेबलावर आलं होतं, आणि त्या रेघेच्या आत तुझं स्वतःचं गाव होतं. घर, धानाची बांधी, शाळा, आणि नदीकाठची ती जागा, जिथे तुझ्या मायला मातीत ठेवलं होतं. रेघ ओढून झाल्यावर तू डबा उघडून जेवलास, असं तूच एकदा मला सांगितलंस. "भूक लागली होती बे, काय करू?" म्हणालास. त्यानंतर किती तरी वर्षं त्या विषयावर तू तोंड उघडलं नाहीस. रिटायर झालास आणि तिसऱ्या महिन्यात माझ्या शेडमध्ये येऊन ट्रेसिंग पेपरची एक मोठी गुंडाळी माझ्या टेबलावर उलगडलीस.

मला आधी वाटलं, कुठल्या तरी शाळेची घसरगुंडी आहे. मी तेच तर करतो. पाण्याच्या टाक्या, कुलरच्या बॉड्या, घसरगुंड्या. पवनीत फायबरचं काही करायचं असलं की लोक माझ्याकडे येतात. तू म्हणालास, "होडी हाये. शिडाची. अठरा फुटाची. आत दोघं झोपतीन, बाहेर दोघं. आन् तूच करशीन."

"पाण्यात जायाचं हाये तं काशीरामभाऊचा डोंगा घे ना. कायले एवढा खटाटोप?" मी विचारलं. काशीरामभाऊ ढिवर, घाटावरचा आपला जुना माणूस, कधी नाही म्हणाला नसता.

"डोंग्यात मुक्काम होत नाही," तू म्हणालास.

मुक्काम. या एका शब्दासाठी ती सगळी होडी होती. वरच्या अंगाला, जिथे पाण्याखाली तुझं गाव आहे, तिथे जायचं. तुझ्या अंगणाच्या वर नांगर टाकायचा, भात रांधायचा, चौघांनी जेवायचं, तिथेच झोपायचं आणि सकाळी उठून परत यायचं. चौघं म्हणजे तू, शालूवहिनी, तुमची प्रज्ञा आणि मी. नकाशाच्या कोपऱ्यात तू चौघांची वजनंही लिहिली होतीस. माझ्या नावापुढे अठ्ठ्याहत्तर होतं. मी पंचाहत्तरच्या वर कधी गेलो नाही म्हणून मी भांडलो, आणि तू मला राइस मिलच्या काट्यावर उभं करून अठ्ठ्याहत्तर दाखवलंस.

भांडलो तर आपण पुष्कळ. मी म्हणालो, मागं एक मोटर लाव, विषय संपला, आपल्याकडे वारा कुठं आहे? तू खिशातून वही काढलीस. रिटायर व्हायच्या आधीपासूनच, सहा महिने तू घाटावर बसून वारा लिहून ठेवला होतास. थंडीत सकाळी किती, उन्हाळ्यात दुपारी किती, कोणत्या अंगानं. "आन् माही माय झोपली हाये ततं," तू म्हणालास. "फटफट करत जाऊ का तिच्या डोक्यावरून?" मोटर तिथेच बाद झाली.

मग तळाखालच्या पातीवरून भांडलो. शिडाची होडी वाऱ्यानं आडवी सरकू नये म्हणून तळाखाली एक उभी पाती लागते, हे मला तूच शिकवलंस. तुला ती वर-खाली ओढता येणारी हवी होती, कारण पाण्याखाली मोहाचे बुंधे कुठे उभे आहेत, विहिरीचा काठ कुठे आहे, शाळेची कमान कुठे आहे, हे तुला पाठ होतं. मी म्हणालो, तळाला चीर पाडली की होडी गळणार. मी टाकीवाला आहे, गळती मला सांगू नको. पंधरा दिवस बोलणं बंद. म्हणजे तू तीन वाजता येऊन बसायचास, पण आपण बोलत नव्हतो. सोळाव्या दिवशी तू थर्माकोलचा एक नमुना घेऊन आलास. चिरेभोवती उभा डबा, आणि डब्याचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर. माझ्या एका टाकीत तो सोडलास. संध्याकाळपर्यंत तरंगला, आत थेंब नाही. मी म्हणालो, "बरं." तुला तेवढंच ऐकायचं होतं. सायकलवर बसून गाणं म्हणत गेलास, तेही बेसूर.

वहिनींना आत उभं राहून रांधता येईल इतकं उंच छप्पर पाहिजे होतं. तू म्हणालास, उंच केलं की वारा त्याला ढकलते. वहिनी म्हणाल्या, "मंग तुम्हीच रांधा बसून." दुसऱ्या दिवशी नकाशात शेगडी तुझ्या बसायच्या जागेपाशी सरकलेली होती. त्या दिवशी वहिनी माझ्यासमोर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

तुला एक कधी सांगितलं नाही ते सांगतो. मी आयुष्यभर गोल आणि चौकोनी वस्तू केल्या. टाकी गोल, कुलर चौकोनी. तुझ्या होडीला कुठेही चौकोन नव्हता. साच्यावर मेण घासताना माझा हात पुढच्या टोकापासून मागच्यापर्यंत जायचा आणि कुठेही अडत नव्हता. साठीला टेकल्यावर असं काम हाती येईल असं मला वाटलं नव्हतं. मी सकाळी लवकर शेड उघडायला लागलो होतो. घरी सुमन म्हणायची, नवीन लग्न झाल्यासारखे पळता. हे सगळं तुझ्यामुळे झालं, आणि मी तुला एकदाही बरं बोललो नाही. उलट रेझिन वाया घालवतो म्हणून तुलाच ओरडायचो.

आता थराचं. काचधाग्याची मॅट साच्यावर पसरून रेझिनमध्ये भिजवायची, म्हणजे एक थर.

नकाशावर तू लिहिलं होतंस, 'मॅटचे थर चार. जास्त नको.' आणि खाली दोन रेघा. त्या दोन रेघा माझ्यासाठी होत्या. माझी खोड तुला माहीत होती. मी पहिल्या वर्षी केलेली एक टाकी एका घराच्या गच्चीवर फुटली होती, नेमकी हळदीच्या दिवशी. जिन्यावरून पाणी मांडवात आलं आणि वऱ्हाडासमोर मला कोणी काय काय बोललं ते आजही आठवते. तेव्हापासून मी लिहिलेल्याच्या वर एक थर आपल्या मनचा देतोच. आणि खरं तर ते माझ्या घरातूनच आलेलं आहे. बाबा धान मोजायचे तेव्हा पायली भरून झाली की वरून एक मूठ टाकायचे. मोजलेलं ते देणं, आणि वरची मूठ ती माणुसकी, असं म्हणायचे. आमच्याकडे जास्तीचं दिल्यानं कोणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नव्हतं.

तू डोळे तपासायला नागपूरला गेलास, त्याच दिवशी मी ते केलं. चार थर बसले होते, रेझिन ओलं होतं, मॅट उरली होती. माझ्या मनात आलं, या पातळ टरफलात हे लोक झोपणार, खाली वीस हात पाणी. वहिनींना पोहता येत नाही. आणखी एक थर दिला. मग आणखी एक. तळालाही आणि वरच्या छपरालाही, आणि मॅटही जाड. अति तिथं माती म्हणतात, मी तिथं प्रेम समजलो. संध्याकाळी तू फोन करून विचारलंस, "काम झालं का बे?" मी म्हणालो, "झालं." तिथेच सांगितलं असतं तर तू शिव्या दिल्या असत्या, बेरीज पुन्हा केली असती, आणि दोन दिवसांत आपण परत चहा प्यालो असतो.

जानेवारीत होडी पाण्यात सोडली. अर्धी पवनी घाटावर. काशीरामभाऊनं आणि त्याच्या माणसांनी खांदा दिला. तिच्या अंगावर तू निळ्या रंगाची पातळ रेघ ओढली होतीस, माल आणि माणसं चढल्यावर पाणी बरोबर या रेघेवर आलं पाहिजे म्हणून. आपण चौघं आत बसलो, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणी नारळ फोडला. मग सगळे उतरले आणि तू चपला काढून पाण्यात उतरलास, वाकून पाहायला लागलास. चौघांच्या भाराएवढ्या रेतीच्या थैल्या तू आधीच मोजून ठेवल्या होत्यास, त्या आत ठेवायला लावल्यास. रेघ दिसत नव्हती. पाण्याखाली गेली होती.

"काय पाहून राहिले सायेब?" काशीरामभाऊनं विचारलं.

तू खिशातली पट्टी पाण्यात धरलीस. "सव्वा इंच खाली बसली गा," म्हणालास. आणि मग, कोणी विचारलंही नव्हतं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "गणित चुकलं माझं."

लोक हसले. सव्वा इंच म्हणजे काय, होडी तर तरंगून राहिली! मी हसलो नाही. तो सव्वा इंच माझ्या दोन थरांचा होता. मला तेव्हाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तू आलास आणि तो प्रश्न विचारलास. संशयानं नाही. तू एकेक आकडा तपासत होतास, त्यात तोही एक होता.

"चारच देल्ले ना बे थर?"

"चार म्हणजे चार," मी म्हणालो. "माह्यावर भरोसा नाही का तुले?"

"तसं नाही बे," तू म्हणालास, आणि वहीत त्या आकड्यापुढे बरोबरची खूण केलीस.

काहून विचारलं नाहीस रे दुसऱ्यांदा? एकदा तरी माझी कॉलर धरायची होती. तू धरली असतीस तर मी सांगितलं असतं, असं मी या आठ दिवसांत स्वतःला किती वेळा सांगितलं. पण ते खरं नाही. तू विचारलं नाहीस कारण माझं 'चार' तुला पुरलं. दोष तुझ्यावर ढकलायला मला अजूनही लाज वाटत नाही, पाहा.

मग तू मुक्काम पुढे ढकललास. जोवर सव्वा इंच कुठून आला ते कळत नाही, तोवर बायकापोरींना घेऊन जायचं नाही, म्हणालास. घाटापासून जवळ जवळ फिरायचास, रविवारी प्रज्ञा आली की तिला शीड धरायला शिकवायचास, आणि सूर्य कलायच्या आत परत. फेब्रुवारीत म्हणालास, ट्रॉलीवर टाकून होडी काट्यावर नेऊ, वजन करू. मी म्हणालो, धानाची गर्दी आहे, काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागली आहे. मार्चमध्ये पुन्हा म्हणालास. मी म्हणालो, ट्रॉलीचा ॲक्सल गेला. ॲक्सल चांगला होता. एक खोटं बोललो की दुसरं तयारच असते, त्याला वेगळी मेहनत लागत नाही.

तू वही घेऊन बसायचास आणि तीच बेरीज वरून खाली, खालून वर करायचास. मी समोर टाकीला ब्रश मारत असायचो. तू बारीक होत चालला होतास, पण मला वाटलं उन्हाळा आहे. मला तेच वाटून घ्यायचं होतं.

एप्रिलमधली एक दुपार मात्र मला झोपू देत नाही. तू वही मिटलीस आणि म्हणालास, "वासुदेव, एक विचारू?"

"विचार ना."

"अठरा फुटाच्या होडीत मी चुकलो. मंग धरणाच्या रेघेत चुकलो नसन कायवरून? किती घरं गेले बे त्या रेघेनं. एखादं घर उगाच तं गेलं नसन?"

माझ्या हातात ब्रश होता. रेझिन कडक होत होतं. मी म्हणालो, "उन्ह लागलं तुले. पाणी पी."

पाणी पी! तू नोकरीभर ज्याच्यावर उभा होतास तेच मी तुझ्या पायाखालून काढून घेतलं होतं, आणि वर पाणी पी म्हणालो. तू खरंच पाणी प्यालास. माठातलं, दोन ग्लास. मग म्हणालास, "जाऊ दे. म्हातारपणी असे विचार येतात." आणि सायकल काढलीस.

गेल्या मंगळवारी तू तीन वाजता आला नाहीस. साडेतीनला मी ब्रश टाकला. तुझ्या घराच्या दारात चपला दिसल्या, खूप चपला, आणि मी रस्त्यावरच बसलो.

परवा प्रज्ञा शेडमध्ये आली. नागपूरच्या दवाखान्यात नर्स आहे, लोकांचं मरण पाहायची सवय असेल असं आपण समजतो, पण तिचे डोळे पाहवत नव्हते. हातात तुझी ट्रेसिंगची गुंडाळी होती.

"काकाजी, बाबांनी शेवटच्या नकाशात खालची चार वजनं कमी केली आहेत," ती म्हणाली. "तेवढी काढून द्या. पाऊस लागायच्या आत मी आईला घेऊन मुक्कामाला जाते. त्यांचं राहिलं ना."

मी नकाशा पाहिला. होडीच्या तळात, पाट्यांखाली, आपल्याकडे ट्रॅक्टरला लावतात ती बिडाची जुनी वजनं बसवली होती, आठ. तीच तळाशी असतात म्हणून वारा होडीला कलवतो पण उलटी करत नाही. होडी परत निळ्या रेघेवर यावी म्हणून त्यातल्या चारांवर तू लाल पेन्सिलीनं फुली मारली होतीस. बाजूला लिहिलं होतंस, 'मूळ बेरीज चूक. दुरुस्ती.' आणि खाली सही. तुझी सही इतकी लहान मी कधी पाहिली नव्हती.

तुझी दुरुस्ती तुझ्या कागदावरच्या होडीसाठी बरोबर असेल. पण पाण्यात जी होडी आहे तिच्या छपरात माझे दोन थर आहेत. वर ते वजन, आणि खालून चार काढले, तर दुपारच्या एका झोताला ती आडवी होणार. आत वहिनी आणि प्रज्ञा. हे मला तूच शिकवलं होतंस, थर्माकोलच्या नमुन्यावर खिळे ठेवून.

खरं सांगू? हे नसतं तर मी बोललो असतो का, माहीत नाही. बहुतेक नाही. तू गेलास, कोणाला कळणार होतं?

"वजनं काढायची नाहीत," मी म्हणालो.

"काहून?"

मग सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, कारण बसलो असतो तर पुन्हा उठता आलं नसतं. मी थांबल्यावर तिनं विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"त्यांनी विचारलं होतं का तुम्हाला?"

"एकदा."

"तुम्ही काय सांगितलं?"

"चार."

तिनं तुझी वही पिशवीतून काढली, माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "दोन थरांचं वजन सांगा. खरं." मी मॅटचं, रेझिनचं, सगळं आठवून सांगितलं. दीडशे किलोच्या जवळपास गेलं. तिनं तुझ्या पहिल्या बेरजेत, न खोडलेल्या बेरजेत, ते मिळवलं, आणि तू आखून ठेवलेल्या तक्त्यात पाहिलं, इतक्या वजनाला होडी किती खाली जाते. सव्वा इंच. थोडंही इकडे-तिकडे नाही.

ती तिथेच कुलरच्या बॉडीवर बसली आणि रडली. मी पाणी आणलं, ते घेतलं नाही. गुंडाळी उचलून गेली.

आज विहारात फोटोसमोर मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, मग लोक एकेक करून माईकवर आले. तुझ्या ऑफिसातले म्हणाले, साहेब शिस्तीचे. शेजारचे म्हणाले, साहेब मितभाषी. माझं नाव पुकारलं तेव्हा मी माईकपाशी गेलो. समोर तुझ्या जुन्या गावचेही लोक होते, पुनर्वसनातून आलेले. मी त्यांच्याकडे पाहूनच बोललो.

"घाटावर प्रभाकर तुम्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता, गणित चुकलं माझं. चुकलं नव्हतं. त्यानं चार थर लिहिले, मी सहा देल्ले. त्यानं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. चार महिने तो माणूस स्वतःले चूक समजत होता, धरणाची रेघसुद्धा चुकली असन असं त्याले वाटून राहिलं होतं. त्याची एकही रेघ चुकली नव्हती. मी चुकलो." एवढं बोललो आणि माईक बंद करायचं बटण मला सापडेना.

मला वाटलं होतं, कोणी तरी उठेल. तुझ्या गावचा कोणी उठून माझ्या तोंडावर बोलेल. काय झालं माहीत आहे? काशीरामभाऊनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "जास्तीच देल्लं ना जी, कमी तं नाही देल्लं. कायले मनाले लावून घेता?" मागून कोणी म्हणालं, "खरा दोस्त हाये बाप्पा." वहिनींनी माझ्या पत्रावळीत आणखी भात वाढला आणि म्हणाल्या, "तुमच्या मनात वाईट नव्हतं भाऊजी." तो भात मी तसाच पत्रावळीत ठेवून उठलो. जास्तीचं दिलं म्हणून सगळ्या पवनीनं मला माफ करून टाकलं, आणि इतका एकटा मी तू गेलास त्या दिवशीही नव्हतो.

लोक पांगल्यावर मी खुर्च्या एकात एक घालत होतो. प्रज्ञा आली. दुसऱ्या टोकाकडून तीही खुर्च्या लावायला लागली.

"ती वजनं तशीच राहू द्या, काकाजी," ती म्हणाली. "रविवारी आम्ही जातो. काशीरामभाऊ डोंगा घेऊन मागं राहतील."

मला इतकं बरं वाटलं, की मी घाईनं म्हणालो, "नांगराची दोरी मी उद्या पाहून ठेवतो. आन् पाती वर ओढायला गडीमाणूस लागते, तं मी..."

"नाही," ती म्हणाली.

आवाज चढवला नाही तिनं. हातातली खुर्ची खाली ठेवली, माझ्याकडे नीट पाहिलं.

"होडी बाबांनी चौघांसाठी काढली होती. दोन माणसांचं वजन तिच्यात आधीच जास्त बसलं आहे, हे तुम्हीच सांगितलं. मग चौघांतले दोघं कमी करावेच लागतात. एक बाबा कमी झाले. दुसरे तुम्ही."

मी म्हणालो, "बरोबर आहे."

रविवारी सकाळी त्या दोघी बसतील तेव्हा मी दोरी सोडून देईन, प्रभाकर, आणि घाटावर राहीन.